नेहेते सरांचा चौथा प्रश्न

आमच्या असोद्याच्या शाळेत इंग्रजीच्या नेहेते सरांचा एक तास दरवर्षी ठरलेला असे. नववीच्या वर्गात, सहामाही परीक्षा आटोपली की लगेच. त्या तासाला पुस्तक बंद. सर फळ्यावर 'विचारणे' एवढा एकच मराठी शब्द लिहीत आणि त्याच्याखाली इंग्रजी शब्दांची रांग लावत: आस्क, इन्क्वायर, प्रोब, ग्रिल, इंटरॉगेट, इन्व्हेस्टिगेट. मी मराठी शिकवते. माझा वर्ग शेजारचा, मधली भिंत निम्मी पत्र्याची. त्यामुळे सरांचा तो तास मी अकरा वर्षं माझ्याच वर्गात उभी राहून ऐकला.

"सर, सगळ्यांचा अर्थ विचारणेच ना? मग एवढे शब्द कशाला?" असं कोणीतरी म्हणायचंच. सर त्याचीच वाट पाहत असत.

"तुह्या घरी भांडी किती रे?"

"लय हायेत, सर."

"मंग तुही माय एकाच भगोन्यात कायले नाही रांधत सगळं?"

वर्ग हसायचा आणि तिथून गाडी सुरू व्हायची. इन्क्वायर म्हणजे स्टेशनच्या खिडकीशी वाकून, सुरत गाडी किती वाजता, असं नीट विचारणं. प्रोब म्हणजे डॉक्टर जखमेत सळई घालून आत काय रुतलंय ते शोधतो, तसं. "दुखतं. पण दुखवायसाठी नाही." ग्रिल शिकवायला तर असोद्याच्या पोरांना काही सांगावंच लागत नसे. भरताचं वांगं पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांवर कसं भाजतात? फिरवून फिरवून, चारी बाजूंनी. तसा माणूस प्रश्नांवर धरायचा. फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द ते चौकटीत लिहीत: प्राय. दुसऱ्याच्या घराचं दार किलकिलं करून आत डोकावणं. "हा शब्द शिकायचा. वापरायचा नाही."

सर उंच होते आणि उंच माणसं वाकतात तसे जरा वाकलेले. शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे असायचे, त्यामुळे खिसा कायम पांढरा. फोन आला की "येस, स्पीकिंग" म्हणायचे आणि पुढच्याच वाक्याला "काय म्हनतो रे भाऊ?" गावातल्या, रस्त्यावरच्या पाट्यांमधलं चुकीचं इंग्रजी त्यांना सहन होत नसे. सावद्याला एका केळीवाल्याच्या गोदामावर 'बनाना'मध्ये एक 'एन' जास्त होता. सर मोपेड थांबवून आत गेले आणि मालकाला सांगून आले. मालक म्हणाला, "सर, केळी पिकायची ती पिकतेच ना?" हे सर स्वतःच स्टाफरूममध्ये सांगायचे आणि चष्मा कपाळावर चढवून डोळे पुसेपर्यंत हसायचे.

पण माणूस खरा कळायचा तो मुलांशी बोलताना. सविता नावाची एक मुलगी दर सोमवारी उशिरा यायची. मुख्याध्यापक तिला अर्धा तास दाराबाहेर उभं करत. एका सोमवारी सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं. मी वह्या तपासत दाराशीच बसले होते.

"उशीर का?"

"बस चुकली, सर."

"कशी चुकली?"

"उठायला उशीर झाला."

"सोमवारीच कसा होतो?"

"तसंच, सर."

सर आणखी जरा खाली वाकले. मग म्हणाले, "सोमवारी घरी कोण असतं तुझ्याजवळ?"

ती एकदम रडायलाच लागली. आई सोमवारी केळीच्या कटाईला पहाटेच जायची. घरी आजोबा. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, दिसत नाही. एकदा चुलीवर पडले होते. शेजारीण आठ वाजता यायची, तोवर सविता त्यांच्याजवळ बसून राहायची. त्याच महिन्यात सर त्या आजोबांना मोपेडवर मागे बसवून जळगावला डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेले.

मी म्हटलं, "सर, तुम्हाला कसं कळलं?"

"मॅडम, पहिल्या तीन प्रश्नांना माणूस पाठ केलेली उत्तरं देतो. ती घेऊन उठायचं नाही. चौथा प्रश्न त्याच्या घराचा विचारायचा."

आणि हेच सर, मी नवऱ्याचं घर सोडून असोद्याला आईकडे राहायला आले, तेव्हा एका शब्दाने काही बोलले नाहीत. सगळ्या स्टाफरूमने मला कधी ना कधी खोदून पाहिलं. सरांनी फक्त वेळापत्रकातले माझे सकाळचे पहिले तास स्वतःकडे घेतले. का घेतले तेही सांगितलं नाही. त्या दिवसांत मला सकाळी उठवत नसे.

त्यांना एकच मुलगा, मयूर. आयटीआय करून नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला. तिथेच चारपाच जणांत खोली घेऊन राहायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. मयूर आईसारखा कमी बोलणारा, इंग्रजीला घाबरणारा. सरांना त्याची खंत होती. "हजार पोरं शिकवली, घरचंच राहिलं," म्हणायचे. म्हणून बापलेकात एक ठराव झाला होता. आईशी फोनवर आपल्या बोलीत काय ते बोलायचं. वडलांना मात्र रोज एक मेसेज, तो इंग्रजीत. सर तो दुरुस्त करून परत पाठवायचे. मयूरने तो पुन्हा नीट लिहून धाडायचा. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना सर फोन माझ्यासमोर धरायचे. "बघा मॅडम, आता आर्टिकल चुकत नाही त्याचं." मी "छान" म्हणायचे. बहुतेक वेळा वाचायचेसुद्धा नाही.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, चौथ्या तासाला, सरांना फोन आला. "येस, स्पीकिंग," म्हणाले, पण पुढचं नेहमीचं "काय म्हनतो रे भाऊ?" आलंच नाही. कारखान्यातली एक टाकी साफ करायला मयूर आत उतरला होता. आत गॅस होता. त्याला वर काढून धुळ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तो चोवीस वर्षांचा होता.

तेराव्यानंतर चारपाच दिवसांनी सर शाळेत आले. तास घेतले. महिन्याभराने कारखान्याकडून एक पाकीट आलं. दीड पानाचा इंग्रजी अहवाल. सरांनी तो स्टाफरूममध्ये तीनदा वाचला, मग लाल पेन काढलं आणि एका वाक्याखाली रेघ ओढली. 'द मॅटर वॉज लुक्ड इन्टू.'

"मॅडम, इन्व्हेस्टिगेटेड नाही लिहिलं यांनी. इन्क्वायर्डसुद्धा नाही. लुक्ड इन्टू." त्यांचा आवाज अगदी वर्गातला होता. "म्हणजे वाकून पाहिलं. आत कोणी उतरलं नाही. आत फक्त माझा मयूर उतरला."

अहवालात पुढे लिहिलं होतं की तो स्वतःच्या मनाने, कोणाला न सांगता टाकीत उतरला. सुरक्षेचं सगळं साहित्य उपलब्ध होतं.

त्या रविवारपासून सर जळगावहून पॅसेंजरने नरडाण्याला जायला लागले. दोन रविवार एकटेच गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी काकू माझ्या दाराशी आल्या. सरांच्या पत्नी, आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच काकू. म्हणाल्या, "तुम्ही जा ना बाप्पा यांच्यासंगं. एकटेच जातात, काय करतात, मले काही सांगत नाहीत."

म्हणून मी गेले. पत्र्याची एक खोली होती, त्यात चार गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. मयूरचा सोबती किरण तिथे होता. त्याच्यासोबत कामाला असलेला, शिंदखेड्याकडचा पोरगा. मयूरला टाकीतून वर ओढणारा तोच. आधीचे दोन्ही रविवार तो सरांना टाळून कुठेतरी निघून गेला होता. आज सापडला. भिंतीला टेकून उभा राहिला, बसायला तयार नाही.

सरांनी विचारलं, "तेव्हा तू कुठे होतास, बेटा?"

"मी दुसऱ्या बाजूला काम करत होतो."

"त्याला आत कोणी पाठवलं?"

"तो आपल्या मनाने उतरला."

"तोंडाला लावायचा मास्क होता?"

"मास्क उपलब्ध होता."

शिंदखेड्याकडचं पोरगं 'उपलब्ध' म्हणत होतं. मलाही कळलं की हे कोणीतरी लिहून दिलेलं आहे. सर उगीच त्या गाद्यांकडे पाहत राहिले. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी त्यानं काही खाल्लं होतं का रे?"

किरण भिंतीवरून घसरत खालीच बसला.

"नही खादं, नाना. काहीच नही खादं. डोकं भलतं दुखी राहिंतं त्यानं. मी म्हनं, आज सुट्टी टाक. तो तयार बी व्हता. पन मुकादम म्हने, उतर, नही ते उद्यापासून येऊ नको." त्याला हुंदका आवरेना. "मास्क कपाटमा व्हता नाना, कुलूप लायेल. आम्हले कोन्हीच काही इचारं नही. कागद लिखेल व्हता, आम्ही बठ्ठास्नी सह्या करी दिन्यात."

सर उठून त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. किरण डोळे पुसत म्हणाला, "पंधरा दिन व्हयनात वास यी राहिंता टाकीमा. त्यानी तुम्हले लिखं व्हतं ना? तो म्हने, पप्पाले इंग्रजीमा लिखी टाकं."

पाठीवरचा हात तिथेच राहिला. दुसऱ्या हाताने सरांनी फोन काढला, अंगठ्याने वर सरकवत गेले आणि मग फोन माझ्या हातात दिला. "वाचा," म्हणाले. चष्मा कपाळावर होता, तो खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

अपघाताच्या सहा दिवस आधीचा मेसेज होता. 'आय ॲम हॅविंग हेडेक सिन्स एट डेज. स्मेल इज कमिंग इन टँक.' आठ दिवसांपासून डोकं दुखतंय. टाकीत वास येतोय.

त्याच्याखाली सरांचं उत्तर. 'आय हॅव हॅड अ हेडेक फॉर एट डेज. देअर इज अ स्मेल इन द टँक. सिन्स आणि फॉर पुन्हा वाच.'

त्याच्याखाली मयूरने तीच दोन वाक्यं पुन्हा लिहिली होती. एकही चूक न करता.

त्याच्याखाली सरांनी लिहिलं होतं, 'गुड.'

वेळ दुपारच्या सुट्टीतली होती. म्हणजे त्या दिवशीही सरांनी तो फोन माझ्यासमोर धरला असणार आणि मी "छान" म्हटलं असणार.

परतीच्या गाडीत अमळनेर येईपर्यंत सर तो मेसेज पुन्हा पुन्हा उघडत राहिले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "चौथा सोडा, मॅडम. मी पहिलासुद्धा विचारला नाही."

किरणने पुढे धीर केला. सरकारी कार्यालयात जबाब बदलायला तयार झाला. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघं तयार झाले. सरांनी अर्ज केले आणि धुळ्याला फेरचौकशी लागली. सगळ्यात भक्कम पुरावा तो मेसेजच होता. टाकीत वास आहे, हे मयूरने आधीच लेखी सांगितलं होतं. तारखेसह. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी सरांना म्हटलं, "फक्त त्याचे मेसेज छापून देऊ. मधलं तुमचं कापता येतं."

"नाही."

"सर, त्याचा केसशी काही संबंध नाही. आणि काकू तिथे असतील."

"माहीत आहे मला," सर म्हणाले. "त्यांनी अर्धंच पाहिलं म्हणून भांडतोय मी. आणि मीच अर्धं दाखवू?"

"मग आज रात्री घरी तरी सांगा काकूंना. तिथे कळण्यापेक्षा."

त्यांनी मान डोलावली. पण त्यांच्याने सांगवलं नाही.

धुळ्याच्या त्या कार्यालयात चौकशी करणाऱ्या एक अधिकारी बाई होत्या. एका बाजूला कारखान्याचे तिघं, दुसऱ्या बाजूला सर, काकू, किरण आणि मी. बाईंनी विचारलं, "मुलाने घरी काही तक्रार केली होती का?" सर उभे राहिले आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. बाईंनी पहिला मेसेज मोठ्याने वाचला. कारखान्याचा माणूस खाली बघायला लागला. बाईंनी दुसरा वाचला, तिसरा वाचला आणि शेवटच्या शब्दाशी त्यांचा आवाज खाली आला. कागद तसाच हातात धरून त्या सरांकडे पाहत राहिल्या.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सरांचा सदरा ओढून विचारलं, "काय म्हनता ह्या बाई? काय लिव्हलं व्हतं त्यानं?"

सर खुर्चीत बसले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी काकूंना एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगितलं. पोराचं डोकं आठ दिवसांपासून दुखत होतं. टाकीत वास येत होता. तसं त्यानं मला लिहिलं होतं.

"मंग तुम्ही काय सांगलं त्याले?"

"वाक्य चुकलं होतं. ते नीट करून दिलं."

"आन् मंग?"

"त्यानं नीट लिहून पाठवलं."

"आन् मंग?"

"मी म्हटलं, छान."

काकू त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. हळूच त्यांनी सरांच्या सदऱ्यावरचा हात काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

चौकशीतून पुढे सगळं बाहेर आलं. अधिकारी बाई स्वतः नरडाण्याला गेल्या, टाकी पाहिली, कुलूप लावलेलं कपाट उघडायला लावलं. आधीचा अहवाल रद्द झाला. मयूर स्वतःच्या मनाने उतरला नव्हता, हे कागदावर आलं. मुकादम आणि ठेकेदार दोघांवर खटला उभा राहिला. किरणचा फोन आला होता. आता मास्क असल्याशिवाय आणि वर दोर धरून एक माणूस उभा असल्याशिवाय कोणी आत उतरत नाही, म्हणाला.

सर जिंकले असं गावात सगळे म्हणत. सरांनी मात्र पुढच्याच महिन्यात मुदतीआधी निवृत्ती मागितली. त्या वर्षी नववीला तो तास झाला नाही. मुलांनी मला विचारलं, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

आणि घरात काकू सरांशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर चहा ठेवत, ताट वाढत, कपडे धुऊन घडी करून ठेवत. फक्त शब्द नाही. मी अधूनमधून जायचे. माझ्याशी बोलायच्या, माझ्या आईची चौकशी करायच्या, आणि सर आत आले की त्यांचं बोलणं जिथल्या तिथे थांबायचं. एकदा सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "एकदा तरी तिनं विचारायला पाहिजे मॅडम, असं कसं केलं तुम्ही? माझ्याजवळ उत्तर नाही. पण तिनं विचारायला पाहिजे."

मी फाटकाची कडी लावली आणि घराकडे वळले.

वर्ष उलटल्यावर काकूंच्या भावाने दोघांना सावद्याला आपल्याकडे राहायला बोलावलं. असोद्याच्या त्या घरात मयूरचे कपडे होते, त्याची सायकल होती. काकूंना तिथे राहवत नव्हतं. मी जळगावच्या बसस्थानकावर त्यांना सोडायला गेले. सावद्यावरून जाणारी सकाळची रावेर गाडी होती, गर्दी फार नव्हती. सरांनी एक ट्रंक आणि दोन बोचकी वर चढवली. काकू पुढे जाऊन खिडकीशी बसल्या आणि हातातली पिशवी त्यांनी शेजारच्या जागेवर ठेवली. सर आत आले. त्या पिशवीपाशी क्षणभर थांबले, मग मागच्या बाकावर जाऊन बसले.

मी खाली काकूंच्या खिडकीशी उभी होते. "येत जा सावद्याला," काकू म्हणाल्या. मी हो म्हटलं. मागच्या खिडकीतून सरांनी हात हलवला. ते खूप म्हातारे दिसत होते. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली.

तेव्हा मला दिसलं. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही, पण शेजारची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. जागा रिकामी केली.

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना ते दिसलं नाही. मी "सर! सर!" म्हणत गाडीबरोबर काही पावलं धावले, हाताने पुढे दाखवलं. त्यांना वाटलं मी निरोप घेतेय. त्यांनी पुन्हा एकदा हात हलवला आणि गाडी फाटकाबाहेर वळली.